मागचा बाक

दर गुरुवारी चर्चच्या तळघरात क्लब भरतो.
मुलं पुढे, लांब टेबलाभोवती.
आम्ही आईबाप मागे, भिंतीलगतच्या बाकावर.
हाताची घडी, तोंडावर बोट:
इथे तो नियम मोठ्यांना.

खरं तर घडीसुद्धा नाही.
बर्नाडेटबाई सीर, वय एक्याऐंशी,
आमच्या मांडीवर बटाट्यांची पाटी ठेवतात
आणि प्रत्येकाला एक सुरी.
"सोला," म्हणतात,
"हात रिकामे राहिले की जीभ वळवळते."

बटाट्याला काय तोटा!
मेनच्या या उत्तर टोकाला, नदीपल्याड कॅनडा दिसतो तिथे,
काढणीसाठी शाळा तीन आठवडे बंद असते.
माझी ओडील पहाटे चारला उठून यंत्रावर उभी राहिली,
मातीतून दगड वेचत.
तेरा वर्षांची. यंदा क्लबची अध्यक्ष.
टेबलावर ठोकायचा हातोडा ल्युसियनच्या आजोबांनी
मोडक्या खुर्चीच्या पायातून घडवला आहे.
तो तिच्या हातात जरा जडच वाटतो.

त्या गुरुवारी बाहेर बर्फ. पाय विक्रीचा हिशोब.
खजिनदार रेमी, नऊ वर्षांचा,
वही वाचता वाचता थांबला.
अकरा डॉलर कमी.

माझ्या शेजारी त्याचा बाप, अल्बान.
फ्राइजच्या कारखान्यात त्याचे तास निम्मे झालेत,
हे गावात सगळ्यांना ठाऊक, आणि कुणी बोलत नाही.
तो अर्धा उठला.
बर्नाडेटबाईंनी फक्त त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला,
ओला, सालं चिकटलेला हात.
तो बसला.

ओडीलनं नियमांचं पुस्तक चाळलं.
ठराव कसा मांडायचा, अनुमोदन कसं द्यायचं,
सगळं होतं त्यात. हे नव्हतं.
मला उत्तर येत होतं.
माझी सुरी बटाट्यात रुतून राहिली.

मग तिनं हातोडा बाजूला ठेवला.
"पुन्हा मोजू. सगळे मिळून."
डबा जमिनीवर उपडा केला, बारा डोकी वाकली,
नाणी फरशीवर खणखणत फिरली.
तरी अकरा कमीच.

रेमी बुटांकडे बघत म्हणाला,
"दूध आणलं होतं. आणि ब्रेड. मंगळवारी."

हीटर मध्येच घरघरून बंद पडला.
अल्बाननं एक बटाटा उचलला,
तो आधीच सोललेला होता,
आणि पुन्हा सोलू लागला.

थॅडियस म्हणाला, पैसे पैसेच असतात, परत द्यायला हवेत.
क्लॉडेट म्हणाली, मागच्या वर्षी आपण
अनोळखी लोकांना डबे दिलेच की.
आवाज चढले. ओडीलनं चढू दिले.
मग, आमच्याकडे एकदाही न बघता,
"ठराव: वहीत लिहायचं,
दूध, ब्रेड, अकरा डॉलर, खर्च. बास.
आणि पुढच्या वेळी आधी विचारायचं,
इथे विचारायला लाज नाही."
अनुमोदन थॅडियसनंच दिलं, कपाळाला आठ्या घालून.

बाजूनं सात, विरुद्ध चार.
एक हात वर झाला नाही.
विरुद्ध पडलेल्या चारांत एक हात रेमीचा होता.
चिटणिसानं तसं नोंदवलं.

पुढचा विषय: पायऱ्यांवरचा बर्फ कोण काढणार.

जाताना अल्बान फावडं घेऊन बाहेर गेला.
त्याचं नाव यादीत नव्हतं.

गाडीत ओडीलनं विचारलं,
"मी फार भरभर बोलले का?"
वायपर फिरत होते. मी नाही म्हटलं,
आणि खिशात हात घातला तर
रुमालात गुंडाळलेला तो बटाटा,
सोलत सोलत सुपारीएवढा झालेला.
बर्नाडेटबाईंना दाखवायची लाज वाटली होती.